संत्र्याच्या बागेतल्या मातीत मिळालेली टॅलॅरोमायसीस: नवी प्रजाती म्हणून वर्णन कसं लिहायचं?

मातीचा_विद्यार्थी (नागपूर)

नमस्कार मंडळी,

नागपूरला वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतोय. विषय संत्राबागांच्या मातीतल्या बुरश्या. कळमेश्वर तालुक्यातल्या एका बागेत, झाडाच्या घेराखालच्या काळ्या मातीतून, वरच्या १५ सेंटिमीटरमधून, एक टॅलॅरोमायसीस (पेनिसिलियमच्या नात्यातली बुरशी) हाती लागली आहे. ती आम्हाला कुठल्याच नावात बसवता येत नाहीये. गाइड सरांचं मत, ही नवी प्रजाती असावी.

दिसते कशी ते सांगतो. पीडीएवर (बटाट्याच्या आगरवर) पिवळी जाळी, तिच्यावर हिरवट थर, प्लेट उलटी धरली की तांबडी. तांबडा रंग आगरमध्येही उतरतो. बीजाणू धरणारा ब्रश दुमजली, म्हणजे खाली मेट्युला या आधाराच्या पेशी आणि त्यावर फियालाइड या बीजाणू तयार करणाऱ्या पेशी. कोनिडिया (त्यावरचे बीजाणू) गोल, ऑइल इमर्शनखाली (सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या लेन्सखाली) खरबरीत. आयटीएस (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) सीक्वेन्स करून घेतला. ब्लास्टमध्ये (सीक्वेन्स जुळवून बघायच्या ऑनलाइन शोधात) सगळ्यात जवळची जुळणी ९८.९ टक्के, आणि वरच्याच ओळींमध्ये तीन-चार वेगवेगळी नावं येतात.

सरांनी वर्णन लिहून आणायला सांगितलं. माझा मसुदा असा होता:

"कॉलनी जलद वाढणारी, मखमली, हिरवी, मागून लाल. कोनिडिया लहान, गोल, खडबडीत. ही बुरशी नागपूरच्या मातीत आढळते. आयटीएस क्रमानुसार ती इतर प्रजातींपेक्षा वेगळी आहे."

सरांनी वाचला आणि म्हणाले, "यावरून मला ही बुरशी ओळखता येणार नाही." आता ते पुढच्या आठवड्यात भेटतील, तोवर नीट लिहून ठेवायचंय.

विचारायचं हे: वर्णनात नेमकं काय काय लागतं? आयटीएस पुरेसा आहे का? बुरशी तर जिवंत आहे, मग होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचं जोडलेलं असतं तो नमुना, म्हणून काय ठेवायचं? आणि नाव "नागपुरेन्सिस" ठेवावं अशी माझी फार इच्छा आहे, ते चालेल का?

कवकशाळा_धरमपेठ

तुझे सर योग्य तेच बोलले. मी नागपुरातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं मायकॉलॉजी शिकवली, आता निवृत्त आहे. अशी वर्णनं तपासण्यात माझा खूप वेळ गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझा मसुदा. "जलद वाढणारी" म्हणजे किती? "लहान" म्हणजे केवढी? पेनिसिलियमच्या आणि टॅलॅरोमायसीसच्या जवळजवळ सगळ्याच कोनिडिया लहान असतात. हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीत "उंची मध्यम, रंग सावळा" एवढंच छापलं तर कुणी कुणाला ओळखणार नाही. "डाव्या भुवईवर व्रण" असं लिहिलं तर ओळखेल. तुला तो व्रण शोधायचाय.

वर्णन वाचणारा माणूस तुला ओळखत नाही. तो ब्राझीलमध्ये बसलेला असेल, आणखी तीस वर्षांनी वाचत असेल. त्याच्यापुढे एक पिवळी-तांबडी प्लेट असेल. तुला फोन न करता, तुझा कागद आणि त्याची प्लेट शेजारी ठेवून त्याला "हीच" किंवा "ही नव्हे" म्हणता आलं पाहिजे. वर्णनातलं प्रत्येक वाक्य याच कसोटीवर घासून बघ.

त्यासाठी सगळ्यांनी एकाच पद्धतीने वाढवलेली बुरशी लागते. पीडीएवरचं निरीक्षण तुझ्या वहीपुरतं ठेव. या कुळात सीवायए (झापेक-यीस्ट आगर) आणि एमईए (माल्ट आगर) ही दोन माध्यमं हवीतच, शिवाय येस आगर, ओटमील आगर आणि क्रिएटिन आगर. ९ सेंटिमीटरची प्लेट, तीन ठिकाणी ठिपका, २५ अंश, अंधार, ७ दिवस. कोरडे बीजाणू सुईने लावू नकोस, ते उडून प्लेटभर पिल्लं होतात. ०.२ टक्के आगर आणि ०.०५ टक्के ट्वीन ८० असलेल्या पातळ द्रवात बीजाणू मिसळ आणि त्याचा ठिपका दे. प्लेटा पॅराफिल्मने घट्ट बांधायच्या नाहीत. हवा कोंडली की कॉलनीचा रंगच बदलतो.

सीवायए करताना झिंक सल्फेट आणि कॉपर सल्फेट विसरू नकोस. १०० मिलि पाण्यात झिंक सल्फेट १ ग्रॅम आणि कॉपर सल्फेट अर्धा ग्रॅम, आणि त्यातलं एक लिटर माध्यमाला १ मिलि. एवढंसं तांबं नसलं तर कोनिडियांचा हिरवा रंग नीट येत नाही, आणि मग लोक फिकट कॉलनी बघून "नवी प्रजाती" म्हणतात. माल्ट कोणत्या कंपनीचं वापरलंस तेही लिही. एमईएवरचा पोत माल्टनुसार बदलतो.

आणि नागपूरकराला वेगळं सांगायला लागू नये, पण सांगते. २५ अंश म्हणजे थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर. मे महिन्यात बाहेर ४५ असताना साध्या इन्क्युबेटरमध्ये काटा २५ वर लावून काही होत नाही, तो खोलीच्या तापमानाखाली उतरूच शकत नाही. आत साधा थर्मामीटर ठेव आणि रोज सकाळ-संध्याकाळ वाच. वीज गेली असेल त्या दिवसांच्या प्लेटा मोजायच्या नाहीत.

३० आणि ३७ अंशालाही वाढव. ३७ ची प्लेट फार बोलकी असते, पण आधी एक काळजी घे. टॅलॅरोमायसीस मार्नेफी ही याच कुळातली आहे. २५ अंशाला ती साधी बुरशी, आगरमध्ये तांबडा रंग सोडणारी, आणि ३७ ला यीस्टसारखी होते. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाच्या जिवावर उठणारी आहे. आग्नेय आशियात आणि आपल्याकडे मणिपुरात तिचे रुग्ण आढळतात. तुझी ती असण्याचा संभव कमीच, आणि तुझ्या ब्लास्टच्या यादीत ती कुठे आहे ते एका नजरेत कळेल. तरीही तांबडा रंग सोडणारी, ओळख न पटलेली टॅलॅरोमायसीस उघड्या टेबलावर हाताळायची नाही. सेफ्टी कॅबिनेटमध्येच.

आता कॉलनी कशी लिहायची त्याचा नमुना. आकडे मी फक्त मांडणी दाखवायला घातलेत, तुझे तू मोजून भर.

"सीवायए, २५ अंश, ७ दिवस: व्यास २८–३२ मिमी. कॉलनी मध्यभागी किंचित उंच, मध्यापासून कडेकडे उथळ घड्या. कडा सलग, उतरती, २–३ मिमी रुंद. कवकजाल पांढरं व पिवळं. पोत मखमली, मध्यभागी लोकरी. कोनिडिया मध्यम प्रमाणात, करडा हिरवा रंग. पृष्ठभागावर थेंब नाहीत. विद्राव्य रंगद्रव्य तांबडं, फिकट. मागची बाजू मध्यभागी गडद तांबडी, कडेला पिवळसर नारिंगी."

बघ, यात कुठेही "सुंदर", "जलद", "वैशिष्ट्यपूर्ण" नाही. रंगाचं नाव मनाने द्यायचं नाही. रंगांचा छापील तक्ता घे, दिवसाच्या उजेडात प्लेटशेजारी धर आणि तक्त्यातला क्रमांक लिही. थेंब नसले तर "नाहीत" असं लिहायचं. नसणं हीसुद्धा माहिती आहे, आणि नवशिके नेमकं तेच वगळतात.

सूक्ष्मदर्शकाखालचं वर्णन एमईएवरच्या कॉलनीवरून कर. कॉलनीच्या मध्यातून उचलू नकोस, तिथे नुसता बीजाणूंचा चिखल असतो. कडेपासून थोडं आत, जिथे हिरवा रंग नुकताच धरायला लागलाय, तिथून सुईच्या टोकावर येईल एवढं घे. ६० टक्के लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेव, दोन सुयांनी उकल, वरून ७० टक्के अल्कोहोलचा एक थेंब सोड. सुटे बीजाणू वाहून जातात आणि हवेचे बुडबुडे निघतात. मग कव्हरस्लिप. कॉटन ब्लूने रंगवलेल्या स्लाइडवर भिंतीचा मूळ रंग कळत नाही, म्हणून बिनरंगी स्लाइड आधी.

फियालाइडच्या आकाराकडे नीट बघ. टॅलॅरोमायसीसमध्ये तो सडपातळ, वर निमुळता होत गेलेला. पेनिसिलियममध्ये पोट आणि मान असलेला, सुरईसारखा. लांबी-रुंदी दोन्ही मोज. एका मेट्युल्यावर किती फियालाइड, देठाची भिंत गुळगुळीत की खरबरीत, तेही लिही. कोनिडिया किमान पन्नास मोज, एकाच साखळीतल्या नव्हे. "२.५–३.५ × २.५–३ मायक्रोमीटर" अशी व्याप्ती, मग सरासरी आणि प्रमाण विचलन. खरबरीतपणा ४० च्या लेन्सखाली हमखास निसटतो, तो तू ऑइलखाली पाहिलास हे उत्तम. पण नुसतं "खडबडीत" लिहून भागत नाही. बारीक खरखर आहे, उंचवटे आहेत, की काटे?

ओटमील आगरच्या प्लेटा २५ अंशाला दोन-तीन आठवडे राहू दे. पिवळे, मऊ, सुताच्या गुंडीसारखे गोल आले तर ते ॲस्कोमाटा, म्हणजे लैंगिक बीजाणूंची घरं. त्यातले ॲस्कोस्पोर टॅलॅरोमायसीसमध्ये ओळखीला फार उपयोगी पडतात. आले नाहीत तर "आढळले नाहीत", आणि किती दिवस वाट पाहिली तेही.

शेवटी तुलना. माझ्या मते वर्णनाचा जीव इथे आहे आणि तुझ्या मसुद्यात नेमकं हेच नाही. "इतर प्रजातींपेक्षा वेगळी" असं लिहिलंस, पण इतर म्हणजे कोण? जवळच्या तीन-चार प्रजातींची नावं घे. एकेकीसमोर लिही: ती ३७ अंशाला किती वाढते, ही किती, तिच्या कोनिडिया लंबगोल, हिच्या गोल, ती क्रिएटिन आगरवर आम्ल सोडते, ही सोडत नाही. त्या प्रजातींचे अस्सल कल्चर मिळाले तर शेजारी वाढवून बघ, नुसत्या पुस्तकातल्या आकड्यांशी तुलना करू नकोस. सीक्वेन्सबद्दल उद्या लिहिते.

डीएनए_हिंगणा

मॅडम, एक शंका. मी मेटाजीनोमिक्सच्या (मातीतला सगळा डीएनए एकदम वाचण्याच्या) बाजूचा आहे. आमच्याकडे आयटीएस ९७ टक्क्यांच्या वर जुळला की एकच प्रजाती धरतात. याचं तर ९८.९ जुळतंय. मग ही जुनीच प्रजाती म्हणायला हवी ना? उगाच नवीन नावांची भर कशाला?

कवकशाळा_धरमपेठ

शंका रास्त आहे, कारण ९७ चा आकडा सगळीकडे दिसतो. पण तो ढिगाने आलेल्या सीक्वेन्सचे गट पाडायला सोयीची रेघ म्हणून वापरात आला. मातीच्या एका नमुन्यातून लाखो सीक्वेन्स येतात, तिथे कुठेतरी रेघ मारावीच लागते. प्रजाती ठरवण्याचा तो नियम नाही.

आयटीएसला २०१२ मध्ये बुरश्यांचा सार्वत्रिक बारकोड म्हणून मान्यता मिळाली. घराणं कुठलं ते त्यावरून चांगलं कळतं. पण ॲस्परजिलस, पेनिसिलियम आणि टॅलॅरोमायसीस या तिन्हींत सख्ख्या प्रजातींचा आयटीएस काही वेळा तंतोतंत सारखा असतो. म्हणजे १०० टक्के जुळूनही प्रजाती वेगळी असू शकते. म्हणून टॅलॅरोमायसीससाठी बीटा-ट्युब्युलिन हे जनुक दुसरा बारकोड धरतात, आणि नवी प्रजाती मांडायची तर कॅल्मोड्युलिन व आरपीबी-२ ही जनुकंसुद्धा करतात.

विद्यार्थ्यासाठी: ब्लास्टच्या वरच्या ओळींवर विसंबू नकोस. जेनबँकेत (सीक्वेन्स साठवायच्या सार्वजनिक संग्रहात) नाव टाकणारा तोच, सीक्वेन्स टाकणाराही तोच, आणि चुकीच्या नावाने पडलेले सीक्वेन्स ढीगभर आहेत. तुला एकाच ठिकाणी तीन-चार नावं दिसतायत त्यात हेही असणार. ब्लास्टमध्ये टाइप मटेरियलपुरता, म्हणजे नाव ज्यावर बेतलंय त्या नमुन्यांपुरता, शोध घ्यायची सोय आहे, ती वापर. मग प्रत्येक जवळच्या प्रजातीच्या टाइपचे चारही सीक्वेन्स घेऊन झाडं (वंशवृक्ष) काढ, आधी एकेका जनुकाचं वेगळं, मग एकत्र. चारही झाडांत तुझी बुरशी त्याच जागी, तशीच वेगळी पडली तर मुद्दा पक्का. एकात वेगळी आणि दुसऱ्यात शेजारणीत मिसळलेली, असं झालं तर थांब.

थांब म्हणण्याचं अजून एक कारण आहे. तुझ्याकडे सध्या एकच आयसोलेट (मातीतून वेगळी काढलेली शुद्ध बुरशी) दिसतोय. नियमाने एकावरही नाव देता येतं आणि तशी पुष्कळ नावं दिलेली आहेत. पण एकाच आयसोलेटवरून प्रजातीत बदल किती होतो हे कळत नाही. तांबडा रंग हा त्या प्रजातीचा गुण की या एका वाणाचा, हे दुसरा, तिसरा हाती आल्याशिवाय कसं सांगशील? दुसऱ्या बागेतून शोध.

नवीन नावांची भर कशाला, असंही विचारलंत. २०१७ च्या अंदाजाप्रमाणे जगात बुरश्यांच्या २२ ते ३८ लाख प्रजाती असाव्यात, आणि नावं दिलीत ती जेमतेम दीड लाखाच्या आसपास. टॅलॅरोमायसीसच्या मान्य प्रजाती २०२० च्या यादीत १७१ होत्या. ज्याला नाव नाही त्याची माहिती एका ठिकाणी साठत नाही. कुणी त्यातून रंगद्रव्य काढतो, कुणाला ती धान्यात सापडते, आणि दोघांना कळतच नाही की आपण एकाच बुरशीवर काम करतोय. म्हणून नाव द्यायचं, आणि म्हणूनच घाईने द्यायचं नाही.

शुष्ककल्चर_पुणे

होलोटाइपबद्दल मी लिहितो, कल्चर जपण्याचंच काम करतो.

जिवंत कल्चर होलोटाइप होऊ शकत नाही. प्लेटवर वाढवलेली कॉलनी वाळवून हर्बेरियममध्ये ठेवा, किंवा कल्चर लायोफिलाइज करून (गोठवून वाळवून) वा अतिशीत तापमानाला, म्हणजे चयापचय बंद पडलेल्या अवस्थेत ठेवा. कल्चर हाच टाइप असेल तर "चयापचय निष्क्रिय अवस्थेत जतन" हे शब्द पेपरमध्ये असायलाच हवेत, १ जानेवारी २०१९ पासून ते सक्तीचं आहे. एवढ्याशा ओळीवाचून नाव अवैध ठरतं. त्याच टाइपपासून वाढवलेलं जिवंत कल्चर वेगळं जमा करायचं.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत दोन्ही सोयी आहेत: वाळवलेल्या नमुन्यांसाठी आजरेकर कवक हर्बेरियम आणि जिवंत कल्चरसाठी राष्ट्रीय कवक संग्रह. दिल्लीला भारतीय कृषी संशोधन संस्थेतही हर्बेरियम आणि कल्चर संग्रह आहेत. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती सापडली की नेमलेल्या संग्रहाला कळवून नमुना जमा करणं बंधनकारक आहे. परदेशातल्या कुणाला कल्चर पाठवायचं असेल तर पाठवण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचं बघा. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय तुमच्याच गावात आहे, जाऊन विचारता येईल.

आणि कल्चर आजच जतन करा, पेपर लिहून झाल्यावर नको. एका नळीतून दुसऱ्या नळीत करत राहिलात तर बुरशी बीजाणू कमी धरते, रंग सोडायचं थांबवते. मग वर्णनात लिहिलेला तांबडा रंग जमा केलेल्या कल्चरमध्ये दिसतच नाही. टॅलॅरोमायसीस भरपूर बीजाणू धरते, लायोफिलायझेशन तिला चांगलं मानवतं. शिवाय ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला एक प्रत, आणि तीही दुसऱ्या इमारतीत.

मातीचा_विद्यार्थी

मॅडम, सर, मनापासून आभार. ३७ अंशाची प्लेट आता कॅबिनेटमध्येच उघडतो. मार्नेफीचा सीक्वेन्स घेऊन जुळवून पाहिला, माझ्या बुरशीपासून बराच लांब आहे.

नावाबद्दल राहिलं. नागपुरेन्सिस चालेल का? आणि सगळं वर्णन मराठीत दिलं तर?

कवकशाळा_धरमपेठ

नुसतं मराठीत दिलेलं चालणार नाही. बुरश्यांसाठी १९३५ पासून २०११ पर्यंत लॅटिनच सक्तीचं होतं. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी. त्यामुळे मुख्य वर्णन इंग्रजीत, पण मराठीतलं सोबत जोडायला कुणाचीच हरकत नाही, आणि मला वाटतं तू ते जरूर लिहावंस. ज्या बागेतून माती आणलीस त्या घरच्यांना वाचता येईल.

टॅलॅरोमायसीस हे नाव पुल्लिंगी धरतात, तेव्हा "नागपुरेन्सिस" व्याकरणाने बसतं. आधी हे नाव कुणी या प्रजातिगटात वापरलंय का ते इंडेक्स फंगोरम आणि मायकोबँक या बुरशीनावांच्या दोन्ही नोंदसूचींत शोध. आणि जुनी पेनिसिलियमची नावंही बघ. २०११ पर्यंत एकाच बुरशीला दोन अवस्थांची (लैंगिक आणि अलैंगिक) दोन नावं देता येत होती, ती सोय बंद झाल्यावर पेनिसिलियममधली बरीच नावं टॅलॅरोमायसीसमध्ये आली. एखादी जुनी पेनिसिलियम तुझीच बुरशी नाही ना, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

१ जानेवारी २०१३ पासून नावाचा नोंदणी क्रमांकही लागतो. मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी कुठूनही घे. तो पेपरमध्ये छापून आला नाही तर नाव वैध नाही. ऑनलाइन नियतकालिकाला आयएसएसएन हवा आणि पेपर पीडीएफ स्वरूपात हवा. पैसे भरून आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. नियमाने तिथलं नावही कदाचित वैध ठरेल, आणि तेच वाईट. कच्च्या वर्णनाचं नाव मग कायम सगळ्यांच्या गळ्यात.

काटोल_संत्रा

नमस्कार मॅडम. मी काटोलकडचा बागायतदार. एक विचारायचं होतं. या नव्या बुरशीचा डिंक्यावर काही उपाय होते का? आमच्याकडे बुंध्यातून डिंक गळते, साल सडते, झाड पाहता पाहता वाळून जाते. आम्ही शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून टाकतो. आता ही नवी बुरशी चांगली निघाली तर आम्हाले कधी भेटन?

कवकशाळा_धरमपेठ

भाऊ, खरं तेच सांगते. या बुरशीचा उपयोग होतो की नाही हे अजून कुणीच तपासलेलं नाही. हिची एक नातलग, टॅलॅरोमायसीस फ्लेव्हस, व्हर्टिसिलियम या मररोगाच्या बुरशीला रोखते असं प्रयोगांत दिसलंय. ती एक विकर सोडते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि रोगाची बुरशी मरते. पण ती प्रजाती वेगळी आणि रोगही वेगळा.

डिंक्या होतो फायटोफ्थोरामुळे, आणि फायटोफ्थोरा खऱ्या बुरश्यांत मोडतच नाही. तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, बुरशीत कायटिन. पाण्यात पोहणारे बीजाणू सोडते, म्हणून जिथे बुंध्याशी पाणी साचतं तिथे डिंक्या. आपल्या काळ्या जमिनीत निचरा कमी, त्यामुळे पाऊस लांबला की त्रास वाढतो. तेव्हा दुहेरी आळं करा, पाणी बुंध्याला लागू देऊ नका, डोळा भरलेली जागा मातीच्या वर राहू द्या, आणि बुंध्याला बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

ट्रायकोडर्माचं विचारलंत ते बरं केलंत, कारण हा सगळा वर्णनाचा खटाटोप तुमच्याशीही जोडलेला आहे. १९९९ साली ट्रायकोडर्मा व्हिरिडीपासून ॲस्पेरेलम ही प्रजाती वेगळी काढून तिचं वर्णन केलं गेलं. त्याआधीच्या कागदांत "व्हिरिडीने इतका फायदा झाला" असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे नेमकी कुठली बुरशी होती हे जपून ठेवलेलं कल्चर तपासल्याशिवाय कळत नाही. कोणत्या बुरशीने काम केलं तेच ठाऊक नसेल तर तीच पुन्हा पाकिटात कशी भरायची?

काटोल_संत्रा

समजलं मॅडम. दुहेरी आळं काही झाडांले आहे, बाकीच्याले करून घेतो. त्या पोराले दुसऱ्या बागेतली माती पायजे म्हणता ना, तर आमच्या वावरातून नेऊ द्या. काहून नाही म्हणू? मृगाच्या आधी या की मंग, आता जमिनीले हातभर भेगा आहेत.

मातीचा_विद्यार्थी

दादा, खूप उपकार होतील. मी निरोप पाठवतो. मॅडम, माती घेताना काय काय पाळू?

कवकशाळा_धरमपेठ

दोनदा जा, एकदा आत्ता भेगा असताना आणि एकदा चांगला पाऊस मुरल्यावर. कोरड्या मातीत टिकून राहणारी बुरशी आणि ओलीत वाढणारी बुरशी, दोन्हींचा अंदाज येईल.

आठ-दहा झाडं निवड, त्यात डिंक्या लागलेली आणि निरोगी दोन्ही असू दे. वरचा पालापाचोळा बाजूला कर, घेराच्या कडेखाली १५ सेंटिमीटरपर्यंत खण. भेगेच्या आतली माती घेऊ नकोस, वरची माती तिथे पडलेली असते. खुरपं प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पूस आणि जाळून घे. प्रत्येक झाडाची माती वेगळ्या निर्जंतुक पिशवीत, एकत्र करायची नाही. पिशवीवर झाडाचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख, आणि गेल्या हंगामात कोणतं बुरशीनाशक मारलं ते दादांना विचारून. गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, उन्हात डिकी तापते. थर्माकोलच्या डब्यात आण आणि शक्यतो त्याच दिवशी प्लेट कर.

या वेळी डायल्यूशनसोबत (माती पाण्यात विरळ करून प्लेट करण्यासोबत) वॉरकपची सॉइल प्लेटही कर. चिमूटभर माती सरळ प्लेटमध्ये टाकून वरून कोमट आगर ओतायचं, मातीच्या कणांना चिकटलेल्या बुरश्या त्याने जास्त मिळतात. काळ्या मातीचे कण चिकट असतात, म्हणून आधी थेंबभर निर्जंतुक पाण्यात विरघळवून घे. पिवळी-तांबडी काही दिसली की एका बीजाणूपासून शुद्ध कर आणि आधी बीटा-ट्युब्युलिनच कर. तो पहिल्या आयसोलेटशी जुळला तर मला कळव, मग तुलनेचा तक्ता आपण मिळून भरू. दादांच्या गावाचं आणि बागेचं नाव पेपरमध्ये कसं द्यायचं ते त्यांना विचारून त्यांच्या परवानगीनेच लिही.

आणि मातीचा वर्ग लिहायचा राहू देऊ नकोस. नुसतं "काळी माती" नको. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय आहे, दोन्ही बागांच्या जमिनीचं वर्गीकरण त्यांच्या नकाशांवरून काढ. सामू आणि चुनखडीचं प्रमाण मात्र स्वतः तपासून घे.